विकली न गेलेली गिटार

न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये असलेल्या पाब्लो पिकासो यांच्या ‘गिटार’ या शिल्पाचा स्वामित्वाचा इतिहास एका वाक्यात सांगून संपतो. १९१४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ते पॅरिसमध्ये तयार झाले, पुढची सत्तावन्न वर्षे ज्याने घडवले त्याच्याच ताब्यात राहिले आणि १९७१ मध्ये त्यानेच ते संग्रहालयाला भेट दिले. या दोन टोकांच्या मध्ये कोणी व्यापारी नाही, संग्राहक नाही, लिलाव नाही आणि वारसांमधली वाटणीही नाही. एखादी कलाकृती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची क्रमवार नोंद संग्रहालये काळजीपूर्वक ठेवतात, कारण तिच्या अस्सलपणाचा पुरावा, तिच्या किमतीचा आधार आणि युद्धकाळात लुटल्या गेलेल्या वस्तूंच्या बाबतीत तर न्यायाचा एकमेव धागा त्या नोंदीतच सापडतो. विसाव्या शतकातील कित्येक थोर कलाकृतींच्या नोंदी दोन-तीन देश, चार-पाच धनिक आणि एखादे महायुद्ध ओलांडून येतात. त्यांच्याशेजारी ‘गिटार’ची नोंद कोरी दिसते, आणि अभ्यासक तिच्यावरून पुढे सरकतात. वास्तविक एखादी वस्तू अर्ध्या शतकाहून अधिक काळ न विकणे हीही एक कृती आहे, आणि या शिल्पाचे रूप, त्याचे टिकून राहणे, त्याचा प्रभाव आणि त्याचे दीर्घकाळ दृष्टिआड राहणे या चारही गोष्टी त्या कृतीशी बांधलेल्या आहेत.

शिल्पाची उंची साडेसत्याहत्तर सेंटिमीटर, रुंदी पस्तीस आणि खोली एकोणीसच्या आसपास आहे. म्हणजे ते खऱ्या गिटारपेक्षा लहान आहे आणि भिंतीवर टांगायचे आहे. संग्रहालयाने सामग्री म्हणून लोहप्रधान पत्रा आणि तार एवढ्याच दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलाद मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात तयार होऊ लागले, ते रुळांखाली लाटून पातळ पत्रे काढता येऊ लागले, आणि असा पत्रा धुराड्यांच्या नळ्यांपासून बिस्किटांच्या डब्यांपर्यंत सर्वत्र दिसू लागला. पिकासोंनी घेतला तो याच जातीचा पत्रा, आणि तो वापरण्याची त्यांची पद्धत शिल्पकाराच्या पद्धतीपेक्षा बाजारात बसून डबे आणि नरसाळी घडवणाऱ्या कारागिराच्या पद्धतीला अधिक जवळची होती: आकार कापायचे, कडा दुमडायच्या, भोके पाडायची आणि तुकडे एकमेकांत अडकवायचे. गिटारच्या तारांच्या जागी खरी तार ताणलेली आहे. पृष्ठभागावर रंग नाही, आणि काळवंडलेल्या तपकिरी पत्र्याचे मूळ अंग उघडे ठेवलेले आहे.

या साध्या कृतीने युरोपीय शिल्पकलेतील एक फार जुनी धारणा मोडली, हे समजण्यासाठी त्या काळापर्यंत शिल्प कसे होत असे ते आठवावे लागते. शिल्पकार एकतर दगडातून किंवा लाकडातून नको तो भाग काढून टाकत असे, नाहीतर मातीत आकार घडवून त्याचा साचा घेत असे आणि त्या साच्यात कांसे ओतून घेत असे. दोन्ही मार्गांनी हाती येई ती एक भरीव, बंद वस्तू, जिच्या पृष्ठभागावर प्रकाश थांबतो. ‘गिटार’ला असा पृष्ठभागच नाही. वाद्याची पुढची बाजू, जिथे लाकडी फळी असायला हवी, तिथे बराचसा भाग मोकळा आहे. नजर आत जाते, एका पत्र्यावरून दुसऱ्या पत्र्यावर उतरते आणि वाद्याचा आकार त्या पत्र्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून जुळवते. नादविवर, म्हणजे गिटारच्या पोटावरचे गोल छिद्र, येथे आत खचलेले नसून नळकांड्यासारखे पुढे आलेले आहे. जे पोकळ ते बाहेर आले आणि जे भरीव ते नाहीसे झाले, तरीही वस्तू पाहताक्षणी ओळखू येते.

पुढे आलेल्या या नळकांड्याचा उगम बहुतेक अभ्यासक पश्चिम आफ्रिकेतील ग्रेबो लोकांच्या मुखवट्यात पाहतात. पिकासोंनी १९१२ च्या ऑगस्टमध्ये मार्सेय येथे आफ्रिकी शिल्पे विकत घेतली, आणि त्यांच्या संग्रहातील ग्रेबो मुखवट्यात डोळे हे खाचा नसून बाहेर आलेले दोन दांडे होते. पिकासोंचे व्यापारी दानिएल-हेन्री कानवायलर यांनी पुढे हा संबंध लेखनातून स्पष्ट केला. डोळ्याचा आकार डोळ्यासारखा नसला तरी चेहऱ्यातील त्याच्या जागेवरून तो डोळा ठरतो, हे त्या अनामिक आफ्रिकी कलावंतांना ठाऊक होते, आणि पॅरिसमध्ये ज्याला नवे म्हणून नावाजले गेले त्याचा मोठा अंश तेथून आला होता. स्वामित्वाचा विचार करताना हे विसरून चालत नाही. गिटारची नोंद निष्कलंक आहे. तिला जन्म देणाऱ्या मुखवट्यांच्या नोंदी मात्र वसाहतींच्या व्यापारात हरवल्या, आणि ते मुखवटे ज्यांनी कोरले त्यांची नावे कोणत्याही दप्तरात लिहिली गेली नाहीत.

पत्र्याच्या गिटारीआधी पुठ्ठ्याची गिटार होती. १९१२ चा उन्हाळा पिकासो आणि चित्रकार ज्योर्ज ब्राक यांनी दक्षिण फ्रान्समधील सोर्ग या गावी शेजारी राहून घालवला, आणि तेथे ब्राक यांनी कागद कापून, दुमडून छोटी शिल्पे करायला सुरुवात केली. शरद ऋतूत पॅरिसला परतल्यावर पिकासोंनी ब्राक यांच्या या कागदी युक्तीचा उल्लेख त्यांनाच लिहिलेल्या पत्रात केला, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बुलव्हार रास्पाय येथील आपल्या कार्यशाळेत पुठ्ठा, कागद, दोरा, सुतळी आणि तार यांची एक गिटार उभी केली. ब्राक यांच्या कागदी शिल्पांपैकी आज एकही शिल्लक नाही. त्यांतील एकाचे १९१४ मधील छायाचित्र तेवढे उरले आहे. ती शिल्पे मोलाची वाटून जपली गेली नाहीत, कदाचित चित्रासाठीचे साधन म्हणूनच त्यांच्याकडे पाहिले गेले. पिकासोंनी मात्र आपला पुठ्ठा जपला आणि नंतर त्याच रचनेला पत्र्याचे टिकाऊ शरीर दिले. एकाच कल्पनेच्या दोन भावंडांपैकी एक नष्ट व्हावे आणि दुसऱ्याने कलेच्या इतिहासात मानाची जागा घ्यावी, यात प्रतिभेइतकाच सांभाळण्याच्या सवयीचाही वाटा होता, आणि ब्राक यांच्यावर इतिहासाने केलेला हा अन्याय गिटारच्या प्रत्येक गौरवात आठवायला हवा.

शिल्पाच्या मालकीचा प्रश्न चित्राच्या मालकीपेक्षा मुळातच वेगळा असतो. पिकासोंनी १९०९ मध्ये घडवलेले स्त्रीचे मस्तक आंब्रुआझ व्होलार या व्यापाऱ्याने विकत घेतले आणि त्यापासून गिऱ्हाइकांच्या मागणीप्रमाणे कांस्यप्रती ओतून घेतल्या; किती प्रती काढायच्या याला मर्यादा नव्हती आणि प्रतींवर क्रमांकही नव्हते. १९१४ मध्येच, गिटारनंतर काही महिन्यांनी, पिकासोंनी ‘आब्सांतचा पेला’ हे छोटे शिल्प मेणात घडवले, कानवायलर यांनी त्याच्या सहा कांस्यप्रती करवल्या आणि पिकासोंनी प्रत्येक प्रत वेगळ्या रंगांनी सजवली. साचा म्हटला की प्रती आल्या, प्रती म्हटल्या की बाजार आला. कापून जोडलेल्या पत्र्याला साचा नव्हता. मूळ वस्तू आणि तिची प्रत असा भेदच तेथे उरत नव्हता, त्यामुळे ती विकायची तर एकदाच आणि कायमची विकावी लागली असती.

ती विकली गेली असती तर काय घडले असते, याचे उत्तर त्याच वर्षाच्या अखेरीस मिळाले. कानवायलर आणि पिकासो यांच्यात १९१२ च्या डिसेंबरात तीन वर्षांचा करार झाला होता, आणि त्यान्वये पिकासोंच्या कामाचा एकाधिकार कानवायलर यांच्याकडे आला होता. कानवायलर जर्मन नागरिक होते. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते फ्रान्सबाहेर होते, परतणे अशक्य झाल्याने त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये आश्रय घेतला, आणि फ्रेंच शासनाने त्यांच्या व्हिन्यों रस्त्यावरील चित्रदालनातील सर्व साठा शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला. युद्ध संपल्यानंतरही तो परत मिळाला नाही. १९२१ ते १९२३ या काळात पॅरिसच्या ओतेल द्रुओ या लिलावगृहात चार लिलाव होऊन पिकासो, ब्राक, ग्री आणि लेजे या चित्रकारांची शेकडो कामे विकली गेली. एकदम एवढा माल बाजारात आल्यामुळे भाव कोसळले, आणि लिलावाचे तज्ज्ञ म्हणून काम पाहणाऱ्या लेऑन्स रोझेनबर्ग यांच्यावर संतापलेल्या ब्राक यांनी तेथेच हात उगारला. ज्यांनी ही चित्रे काढली त्यांना त्या विक्रीतून काहीच मिळाले नाही, आणि घनवादाच्या, म्हणजे वस्तूला अनेक बाजूंनी एकाच वेळी पाहू इच्छिणाऱ्या त्या चित्रपद्धतीच्या, सर्वोत्तम वर्षांतील काम जगभर विखुरले. गिटार त्या जप्तीत सापडली नाही, कारण ती व्यापाऱ्याच्या भांडारात नव्हती.

न विकल्याची किंमतही मोजावी लागली. पुठ्ठ्याच्या गिटारीचे छायाचित्र कवी गियोम आपोलिनेर यांच्या ‘ले स्वारे द पारी’ या नियतकालिकाच्या १५ नोव्हेंबर १९१३ च्या अंकात पिकासोंच्या अन्य तीन रचनांसह प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेक वर्गणीदारांनी रागावून वर्गणी बंद केली. पत्र्याची गिटार तर कार्यशाळेत येणाऱ्यांनाच पाहायला मिळे. आंद्रे साल्मों या समीक्षकाने लिहून ठेवले आहे की पाहुणे गोंधळून विचारीत, हे चौथऱ्यावर ठेवायचे की भिंतीवर टांगायचे, हे चित्र की शिल्प. आणि पिकासो उत्तर देत की ही गिटार आहे, एवढेच. त्या पाहुण्यांपैकी एक होता व्लादिमीर तातलिन हा तरुण रशियन कलावंत. तो १९१४ च्या वसंतात पॅरिसला आला, त्याने पिकासोंची कार्यशाळा पाहिली, आणि रशियात परतल्यावर पत्रा, लाकूड आणि तार यांतून ज्या रचना केल्या त्यांतून पुढे रशियातील रचनावादाची वाट निघाली. कोणत्याही प्रदर्शनात न मांडलेल्या, कोणालाही न विकलेल्या वस्तूने एका कार्यशाळेच्या दारातून एवढा प्रवास केला. परंतु तातलिनसारखे ज्यांना ते दार उघडले गेले ते मोजकेच होते. सामान्य प्रेक्षकाला, आणि ज्यांच्यापुढे ही कल्पना ठेवली गेली असती तर त्यांच्या हातून आणखी काही घडले असते अशा असंख्य अनोळखी तरुणांना, हे शिल्प दिसलेच नाही. पिकासोंच्या शिल्पांचे खऱ्या अर्थाने मोठे दर्शन लोकांना १९६६ मधील पॅरिसच्या आणि १९६७ मधील लंडन व न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांतून घडले. तोवर गिटार पन्नाशी ओलांडून गेली होती.

मधल्या काळात पिकासोंची घरे बदलत गेली. पॅरिसमधील शोल्शेर रस्ता, मोंरूज, ला बोएती रस्ता, बोआजलूचा वाडा, ग्रां-ओग्युस्तां रस्त्यावरील कार्यशाळा, कान, व्होवनार्ग आणि अखेरीस मूजां. दोन महायुद्धे झाली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले आणि सुटले. जे त्यांच्याजवळ होते ते त्यांनी सहसा टाकले नाही. जुन्या कामांकडे ते वारंवार परतत, आणि १९२८ मध्ये धातूचे शिल्प पुन्हा हाती घ्यावेसे वाटले तेव्हा मदतीसाठी त्यांनी खुलिओ गोन्सालेझ या स्पॅनिश मित्राला बोलावले. धातुकारांच्या घराण्यात जन्मलेले गोन्सालेझ १९१८ मध्ये रेनो मोटार कारखान्यात काम करताना वायूच्या ज्योतीने लोखंड जोडण्याची, म्हणजे वेल्डिंगची, रीत शिकले होते. तारेने बांधलेल्या पत्र्यापासून वितळवून सांधलेल्या लोखंडापर्यंतचे अंतर या मैत्रीने ओलांडले. ‘बागेतील स्त्री’ हे मोठे शिल्प त्यातूनच आले, आणि गोन्सालेझ स्वतःही थोर शिल्पकार झाले. या दोघांच्या कामाची छायाचित्रे ‘काइये दार’ या फ्रेंच नियतकालिकात पाहून अमेरिकेतील डेव्हिड स्मिथ या तरुणाच्या ध्यानात आले की मोटार कारखान्यात शिकलेले कौशल्य कलेतही चालते. १९३३ च्या सुमारास त्याने वेल्डिंग केलेली पोलादी शिल्पे करायला सुरुवात केली. स्मिथसमोर मूळ गिटार नव्हती, तिच्या वंशजांची छापील चित्रे होती. वारसा असा मालकीच्या बाहेरून चालत राहिला.

साठच्या दशकात पिकासोंना पोलादाच्या देवघेवीचा आणखी एक अनुभव आला. शिकागो शहरासाठी त्यांनी दिलेल्या नमुन्यावरून सुमारे पंधरा मीटर उंचीचे पोलादी शिल्प उभारले गेले आणि १५ ऑगस्ट १९६७ रोजी त्याचे अनावरण झाले. त्यांना देऊ करण्यात आलेले एक लाख डॉलर नाकारून पिकासोंनी ती कल्पना शहरातील लोकांना भेट दिली. शहराच्या यंत्रणेने मात्र तिच्यावर प्रताधिकार सांगितला, वाद न्यायालयात गेला, आणि नमुना हक्काची सूचना न लावताच लोकांसमोर मांडला गेला होता या कारणाने १९७० मध्ये न्यायालयाने ती प्रतिमा सर्वांसाठी खुली ठरवली. देणाऱ्याच्या मनात जे होते, त्याच्या जवळ न्यायालय शेवटी येऊन पोहोचले, असेच म्हणावे लागेल.

गिटारच्या भेटीमागे म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टचे अभिरक्षक विल्यम रुबिन यांची चिकाटी होती. संग्रहालयातील वस्तूंची निवड, अभ्यास आणि जपणूक ज्याच्याकडे असते तो अभिरक्षक. १९७१ मध्ये रुबिन मूजां येथे नव्वदीला टेकलेल्या पिकासोंना भेटले आणि त्यांनी गिटारच्या बदल्यात पॉल सेझान यांचे एक छोटे चित्र देऊ केले. प्रस्ताव विचारपूर्वक केलेला होता, कारण पिकासो ज्यांना गुरू मानत अशा मोजक्यांत सेझान होते. पिकासोंनी अखेर सेझान न घेता गिटार तशीच देऊन टाकली. जी वस्तू त्यांनी पैशाने विकली नव्हती ती गुरूच्या चित्राशीही बदलली नाही, हे त्यांच्या आधीच्या सर्व वर्तनाशी सुसंगत होते. दोन वर्षांनी, ८ एप्रिल १९७३ रोजी, पिकासो मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या अफाट संपत्तीची मोजदाद आणि वाटणी वर्षानुवर्षे चालली, आणि वारसाकराच्या बदल्यात कलाकृती स्वीकारण्याची मुभा देणाऱ्या १९६८ च्या कायद्यामुळे फ्रेंच शासनाकडे आलेल्या कामांतून १९८५ मध्ये पॅरिसचे पिकासो संग्रहालय उघडले. त्यांनी जवळ ठेवलेली बहुतेक शिल्पे तेथे गेली. गिटार घरीच राहिली असती तर ती त्या वाटणीत सापडली असती, आणि बहुधा आज पॅरिसमध्येच दिसली असती.

त्या सुमारास न्यूयॉर्कच्या त्याच इमारतीत पिकासोंचे आणखी एक काम होते, जे संग्रहालयाचे नव्हते. ‘गेर्निका’ हे भव्य चित्र १९३९ पासून तेथे ठेव म्हणून राहिले होते. स्पेनमध्ये लोकांचे स्वातंत्र्य परत येईल तेव्हा ते तेथे जावे अशी पिकासोंची अट होती, आणि १९८१ मध्ये ती पाळली गेली. स्वतःचे नसलेले चित्र चार दशके जपून वेळ येताच परत करणे, आणि स्वतःची झालेली गिटार तितक्याच काळजीने जपणे, ही दोन वेगळी कर्तव्ये एकाच संस्थेने निभावली. कलावंताचा विश्वास तिने कमावला होता तो अशाच वागण्यातून, आणि सेझानच्या चित्रापेक्षा त्या विश्वासाचे वजन भेटीच्या निर्णयात अधिक असावे, असे मानायला जागा आहे.

भेट आली तेव्हा कलावंताच्या आठवणीवर विसंबून गिटार १९१२ च्या आरंभीची, म्हणजे पिकासोंच्या पहिल्या कोलाजच्याही आधीची मानली गेली. कोलाज म्हणजे कागद, कापड यांसारख्या तयार वस्तू चित्रावर चिकटवून केलेली रचना, आणि गिटार त्याहून आधीची ठरली तर आधुनिक कलेतील एका मोठ्या वळणाचे मूळ शिल्पात आहे असे म्हणता आले असते. एवढा मान मिळवून देणारी तारीख कोणत्याही मालकाला हवीशी वाटेल. पुढील संशोधनाने ती टिकली नाही: पुठ्ठ्याची गिटार १९१२ च्या शरदात गेली आणि पत्र्याची १९१४ च्या आरंभी. संग्रहालयाने स्वतःच्या नोंदी बदलल्या आणि आपल्या भिंतीवरील वस्तूचे वय जाहीरपणे दोन वर्षांनी कमी केले. विकण्यासाठी मालकी घेणारा असे सहसा करत नाही, कारण त्याच्या हिशेबात प्रत्येक आधीच्या वर्षाला दाम असतो.

पुठ्ठ्याची गिटारही कलावंताची भेट म्हणून १९७३ मध्ये याच संग्रहालयाकडे आली. छायाचित्रात ती एका टेबलासारख्या अर्धवर्तुळाकार तुकड्यावर टेकलेली दिसते, परंतु संग्रहालयात उभारलेल्या रचनेत तो तुकडा नव्हता. २००५ मध्ये लक्षात आले की तो हरवलेला नव्हताच. संग्रहालयाच्याच साठ्यात, गिटारशी संबंध न ओळखला गेल्यामुळे, तो वेगळा पडून होता. २०११ मध्ये ‘पिकासो: गिटार्स १९१२–१९१४’ या प्रदर्शनात तो आपल्या जागी बसवून दोन्ही गिटारी एकत्र मांडल्या गेल्या, आणि तेव्हा त्यांच्यातला फरक स्पष्ट दिसला. पुठ्ठ्याची गिटार एका स्थिरवस्तुचित्राचा, म्हणजे टेबलावर मांडलेल्या वस्तूंच्या रचनेचा, भाग होती. तिच्या खाली टेबल होते, मागे कार्यशाळेची भिंत होती. पत्र्याच्या गिटारीला टेबल कधीच दिले गेले नाही. धातूत उतरताना पिकासोंनी तो आधार वगळला, भोवतालचे चित्र पुसले आणि वाद्य एकटे उरवले, जेणेकरून ते कोणत्याही भिंतीवर, कोणाच्याही घरात किंवा संग्रहालयात टांगता यावे. जी वस्तू त्यांनी सत्तावन्न वर्षे कोणालाही दिली नाही, ती कोठेही जाऊ शकेल अशा रीतीनेच घडवलेली होती.